गळ्यातील नळी घरी गेल्यावर

अकोल्यास २००२ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, अमरावतीस डॉ. पंजाबराव देशमुखांच्या नावाचे महाविद्यालय १९८४ पासून चालते. गळ्यास छेद देऊन श्वासनलिकेत नळी बसविण्याची शस्त्रक्रिया, म्हणजे ट्रॅकिऑस्टॉमी, वऱ्हाडास आता नवलाची राहिलेली नाही. घटसर्पाने घुसमटणाऱ्या मुलांसाठी पॅरिसच्या त्रूसोने एकोणिसाव्या शतकात ती रूढ केली. आमच्याकडे तिची गरज वेगळ्या वाटांनी येते. २०१७ साली शेजारच्या यवतमाळात कपाशीवरील फवारणीने शेतकरी-शेतमजुरांचे बळी घेतले, हे विस्मरणात जाऊ नये. काही कीटकनाशके श्वासाचे स्नायूच लुळे पाडतात. रोगी दीर्घकाळ यंत्रावर राहिला की तोंडातील नळी काढून गळ्यातून वाट करावी लागते. सुदैवाने तो बरा झाल्यास ती वाट बुजते.

विडी-तंबाखूपायी कर्करोग होऊन ज्याचे स्वरयंत्रच काढावे लागले, त्याचे छिद्र मात्र जन्माचे. खरा प्रश्न त्याच्या घरी सुरू होतो. नाक हवेस गाळते, ओलावा देते. ते काम आता कोणी करावयाचे? वैशाखात पारा ४५ अंशांच्या घरात, अंगणात धूळ, हंगामात कापसाचे तंतू! कफ वाळून खपली धरली की श्वास अडतो. छिद्रावर ओलसर फडके हवे, नळी असल्यास ती वेळेवर धुतली पाहिजे, कफ ओढणारे यंत्र असले तर त्यास वीज हवी. आणि वीज गेली तर? विहिरीत पोहणे तर कायमचेच सुटले. हे सारे बहुधा घरातील बाईच्या माथी येते, आणि तिला शिकविण्यास कोणास सवड नसते.

त्याहून गंभीर गोष्ट अशी की, अशा रोग्यास प्राणवायू तोंडाशी धरून उपयोगाचा नाही. तो गळ्याशीच दिला पाहिजे, कारण तोंडाचा आणि फुप्फुसाचा संबंधच उरलेला नसतो. स्वतः तो हे ओरडून सांगू शकत नाही. म्हणून घरच्या माणसाने नळी स्वच्छ करून दाखविल्याखेरीज रोग्यास घरी धाडू नये. तालुक्याच्या रुग्णालयात त्याच मापाची जादा नळी व ती बदलणारा जाणता माणूस असावा. १०८ च्या गाडीवरील प्रत्येकास गळ्याकडे प्रथम पाहण्याची सवय लावावी. यासाठी नवी इमारत लागत नाही, आणि कदाचित म्हणूनच हे काम कोणाच्या ध्यानी येत नसावे.