नकाशावरची सही

बीड शहराजवळच्या खजाना विहिरीची एक गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. सोळाव्या शतकात निजामशाहीतील सरदार सलाबतखानाने ती बांधवून घेतली आणि तिची रचना राजा भास्कर या स्थापत्यकाराने केली, असे परंपरेने सांगितले जाते. दुष्काळातही तिचे पाणी टिकते, ही तिची ख्याती. खर्च करणाऱ्याचे नाव राहिले, तसे रचणाऱ्याचेही राहिले. आज आपल्यापैकी कितीजणांना आपल्या राहत्या घराचे स्तंभ कोणी आखले, त्या माणसाचे नाव सांगता येईल?

हा प्रश्न मी प्रथम स्वतःलाच विचारला. आमचे खाली दुकान, वर घर. काही वर्षांपूर्वी तिसरा मजला चढवायचे ठरले. मिस्त्री म्हणाला, ‘‘कॉलम दणकट आहेत, काळजी नको.’’ नकाशा एका ओळखीच्या माणसाने काढून दिला. त्यावर ज्यांची सही होती, ते गृहस्थ एकदाही जागेवर आले नाहीत. सहीचे पैसे पाकिटातून पोहोचवले आणि व्यवहार पूर्ण झाला असे आम्ही समजलो. पुढे दोन भिंतींना तिरकस भेगा पडल्या. मग एका अनुभवी अभियंत्याला बोलावले. त्यांनी भेगांकडे नुसती नजर टाकली आणि विचारले, ‘‘पायाचा नकाशा कुठे आहे?’’ काकाजींनी सगळी कपाटे धुंडाळली. नकाशा नव्हताच, कारण तो कधी काढलाच गेला नव्हता.

आपल्या भागात ही चूक अधिक महाग पडते. काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून तडकते. तिच्यावर टेकलेला पाया दरवर्षी किंचित उचलला जातो आणि खचतो. म्हणून जुने गवंडी ‘मुरूम लागेपर्यंत खोदा’ म्हणत. त्यांचे शहाणपण खरे, पण ते दुमजली माळवदाच्या मापाचे होते. चार मजल्यांचा भार किती, मुरूम तो पेलेल का, हे खोदून, तपासून आणि गणित मांडूनच ठरते.

व्यापारी घरांत आणखी एक सवय दिसते. माल वाढला की वरच्या खोल्यांचे गोदाम होते. भारतीय मानकानुसार राहत्या खोलीच्या स्लॅबवर चौरस मीटरला सुमारे २०० किलो भार धरतात, किरकोळ दुकानासाठी सुमारे ४०० किलो. गोदामासाठी मालाच्या थप्पीची उंची पाहून त्याहून पुष्कळ अधिक. आता ५० किलोची दहा पोती अर्ध्या चौरस मीटरवर एकावर एक रचून पाहा. चौरस मीटरला १००० किलो झाले, म्हणजे घरासाठी धरलेल्या भाराच्या पाचपट. हा हिशेब अडतीवरचा मुनीमही मिनिटात करील. मात्र तो करण्याची वेळ पोती चढवण्याआधीची आहे.

मग हा हिशेब करणारा माणूस लायक आहे की नाही, हे शासन पाहत नाही काय? उत्तर चमत्कारिक आहे. कीटकनाशके विकायची तर शेतीविषयक शिक्षणाचा दाखला हवा, औषधाच्या दुकानात नोंदणीकृत फार्मासिस्ट हवा, अडतीला बाजार समितीचा परवाना हवा. सनदी लेखापालांसाठी १९४९ चा कायदा आहे, वकिलांसाठी १९६१ चा, वास्तुविशारदांसाठी १९७२ चा. स्थापत्य अभियंत्यांसाठी मात्र तसा केंद्रीय कायदा आजवर झालेला नाही. दारावर ‘इंजिनिअर’ अशी पाटी लावायला कोणत्याही परिषदेची नोंदणी लागत नाही.

वास्तुविशारदांचा कायदाही वाटतो तितका भक्कम नाही. ‘आर्किटेक्ट’ हे नाव वास्तुकला परिषदेकडे नोंदणी असलेल्यालाच लावता येते. पहिल्या अपराधाला दंड मात्र जास्तीत जास्त ५०० रुपये, असे मूळ कायद्याचे कलम ३७ सांगते. १७ मार्च २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने मुकेश गोयल प्रकरणात स्पष्ट केले की हे कलम पदवीनामाचे रक्षण करते. इमारतीची आखणी करण्याचे काम ते इतरांना वर्ज्य करीत नाही. म्हणजे नाव राखीव, काम मोकळे. न्यायालयाने कायद्याचे शब्द होते तसे वाचले, त्याला दोष देता येणार नाही. शब्द बदलणे संसदेच्या हाती आहे.

महाराष्ट्रात खरा बांध आहे तो स्थानिक पातळीवर. २०२० च्या डिसेंबरमध्ये राज्यातील बहुतेक शहरांसाठी एकच विकास नियंत्रण नियमावली आली. तिच्या एका परिशिष्टात आर्किटेक्ट, अभियंता, स्ट्रक्चरल इंजिनिअर आणि पर्यवेक्षक यांची पात्रता, मर्यादा व कर्तव्ये लिहिलेली आहेत. पर्यवेक्षकाला लहान भूखंडांपुरतीच मुभा आहे. स्ट्रक्चरल इंजिनिअरला पदवीबरोबर त्या कामाचा अनुभव लागतो. नगरपालिकेत नकाशा दाखल होतो तो यांच्याच सहीने. तेव्हा आमच्या नकाशावरची सही म्हणजे त्या गृहस्थांनी स्वतःवर घेतलेला भार होता. त्यांनी तो कागदावर घेतला, जागेवर नाही. आणि आम्हीही तो मागितला नाही.

जगात असे परवाने बहुधा ठेच लागल्यावरच आले. अमेरिकेतील वायोमिंग राज्याने १९०७ साली अभियंत्यांची नोंदणी सुरू केली, कारण पाणीहक्काचे नकाशे वकील आणि इतर बिगर-अभियंतेच सही करून पाठवू लागले होते. टेक्सासने १९३७ साली कायदा केला, तो न्यू लंडन गावची शाळा वायूच्या स्फोटात उद्ध्वस्त होऊन सुमारे ३०० जण, बहुतेक मुले, दगावल्यावर. २६ जानेवारी २००१ च्या भूकंपाचे केंद्र कच्छमध्ये होते, तरी दूरच्या अहमदाबादेत बहुमजली इमारती कोसळल्या. त्यानंतर गुजरातने २००६ साली व्यावसायिक स्थापत्य अभियंत्यांसाठी स्वतःचा कायदा केला.

आपल्याला ठेच लागली नव्हती असे नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे शेजारच्या किल्लारी परिसरात दगडमातीच्या भिंती आणि जड माळवदे यांखाली सुमारे दहा हजार माणसे गेली. पुनर्वसन मोठे झाले, भूकंपाचा नकाशा बदलला, पण घर आखणाऱ्या हाताची नोंदणी हा विषय मागेच राहिला. २४ ऑगस्ट २०२० रोजी महाडमध्ये जेमतेम दहा वर्षांची पाच मजली इमारत कोसळून १६ जणांचा बळी गेला. महाडही बीडसारखेच नगरपालिकेचे गाव. गुन्हा दाखल झाला त्यात विकासकाबरोबर वास्तुविशारद आणि आरसीसी सल्लागारही होते. सहीची किंमत तेथे कळली, पण फार उशिरा.

फ्लॅट विकत घेणाऱ्यांना थोडे संरक्षण आहे. रेरा कायद्यानुसार ताबा घेतल्यापासून पाच वर्षांत बांधकामाच्या रचनेत दोष आढळल्यास विकासकाने तो ३० दिवसांत विनामूल्य दूर करायचा असतो. स्वतःच्या जागेवर स्वतः बांधणाऱ्याला मात्र हा आधार नाही, आणि आपल्या तालुक्यांच्या गावी बहुतेक घरे अशीच होतात. स्थानक, धर्मशाळा, सभागृह हीसुद्धा. देणगीदारांच्या नावांचा संगमरवरी फलक प्रवेशद्वाराशी असतो. चातुर्मासात त्याच छताखाली शेकडो माणसे प्रवचनाला बसतात. विश्वस्तांच्या दप्तरात स्ट्रक्चरल इंजिनिअरचे प्रमाणपत्र आणि पायाचे नकाशे आहेत का, हे विचारण्यात संकोच कसला?

आमच्या पिढ्यांनी हुंडीवरच्या सहीला जपले. सही ओळखीची नसेल तर मुनीम हुंडी परत करीत असे. आर्किटेक्टचा नोंदणी क्रमांक ‘सीए’ या अक्षरांनी सुरू होतो, त्यानंतर नोंदणीचे साल येते; वास्तुकला परिषदेच्या संकेतस्थळावर तो पडताळता येतो. अभियंत्याचा परवाना पालिकेच्या बांधकाम विभागात विचारावा, आणि मुदत संपली नाही ना, तेही पाहावे. पाया खोदल्यावर आणि स्लॅबचे लोखंड बांधल्यावर, काँक्रीट ओतण्याआधी, तो जागेवर येईल असे लेखी ठरवावे.

आमचा तिसरा मजला शेवटी उतरवावा लागला नाही. तीन स्तंभांना जाकीट घालून घेतले, वरची पोती खाली आणली. नवे नकाशे आता काकाजींच्या तिजोरीत, दुकानाच्या खरेदीखताशेजारी आहेत, आणि त्यांवर सही करणारे गृहस्थ स्लॅबच्या दिवशी सकाळी सात वाजता आमच्याआधी येऊन उभे होते.