भात-पोळी कमी केली, कोलेस्टेरॉलचं काय?

टाइप 2 मधुमेहाच्या रुग्णाने भात, पोळी, साखर कमी केली की रिपोर्टमध्ये बहुधा आधी उतरतो तो ट्रायग्लिसराइडचा आकडा. याचं कारण यकृतात आहे. गरजेपेक्षा जास्त पिष्टमय पदार्थ खाल्ले, की यकृत त्यातल्या साखरेची चरबी, म्हणजेच ट्रायग्लिसराइड, बनवून रक्तात सोडतं. या मधुमेहात शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नाही, त्यामुळे हे काम आणखी जोरात चालतं. कच्चा माल कमी झाला की तेही मंदावतं. उपाशीपोटी ट्रायग्लिसराइड 150 mg/dL च्या आत असावं. सोबत एचडीएल, म्हणजे चांगलं कोलेस्टेरॉल, थोडं वाढतं.

एलडीएलचं, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉलचं, मात्र काही सांगता येत नाही. भाताच्या जागी ताटात काय आलं, यावर बरंच ठरतं. शेंगदाणे, बदाम, मासे आले तर ठीक. पण ‘कार्ब नाहीत ना, मग खा’ म्हणत तूप, लोणी, पनीर आणि खोबऱ्यावर ताव मारला, तर एलडीएल चढू शकतं. काहींचं बरंच चढतं. म्हणून ‘कार्ब नाहीत, मग खा’ हा हिशेब मला तरी पटत नाही.

रिपोर्ट वाचतानाही एक मेख आहे. अनेक लॅब एलडीएल थेट मोजत नाहीत; एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल आणि ट्रायग्लिसराइडचा पाचवा हिस्सा वजा करतात. ट्रायग्लिसराइड 400 च्या वर असेल तर हे गणित फसतं. तेव्हा एकूणातून फक्त एचडीएल वजा करून येणारा नॉन-एचडीएलचा आकडा पाहावा.

इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडची गोळी चालू असेल, तर डोस डॉक्टरांकडून आधी बदलून घ्यावा, मगच भात सोडावा. नाहीतर साखर एकदम खाली जाऊ शकते.