प्रोसेसर तापतोय: बदलायचा की थंड करायचा?

जुन्नर तालुक्यात खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. 45 मीटर व्यासाच्या 30 डिशांचे संकेत तिथले संगणक जुळवतात, तेही वातानुकूलित खोलीत. मंचर-नारायणगावातला घरचा संगणक मात्र उन्हाळाभर पंख्याच्या भरवशावर!

• मर्यादा: बहुतेक प्रोसेसरांची 95 ते 100 अंश सेल्सिअस. ती गाठली की वेग आपोआप घटतो. ताप वाढतच गेला तर संगणक बंद पडतो.

• थंड करणे: धूळ झाडणे, पंखा तपासणे, वाळलेली थर्मल पेस्ट बदलणे. पंखा खोलीच्या तापमानाखाली नेऊ शकत नाही.

• बदलणे: तापमान आटोक्यात असूनही काम रेंगाळत असेल तर. सॉकेट जुळावे लागते. लॅपटॉपमध्ये प्रोसेसर बहुधा बोर्डावरच सोल्डर केलेला असतो.