घंटा थांबवणारं माकड

दोस्ता, एक कोडं घालू?

एक माकड आहे. त्याच्या रक्ताच्या एकेका थेंबात हजारो विषाणू आहेत. आजही आहेत, उद्याही असतील, आयुष्यभर राहतील! पण माकड आजारी आहे का? छे! ते मजेत उड्या मारतंय, भांडतंय, टणक बिया दातांनी कडाकडा फोडून खातंय!

हे आहे सूटी मँगबे. रंग काजळीसारखा करडा आणि पापण्या मात्र पांढुरक्या. राहतं आफ्रिकेच्या पश्चिम टोकाला, सिएरा लिओन, लायबेरिया, आयव्हरी कोस्टच्या जंगलांत.

त्याच्या रक्तातल्या विषाणूचं नाव एसआयव्ही. माणसांना होणाऱ्या एचआयव्हीचा हा भाऊबंद. आपल्या शरीरात रोगजंतूंशी लढणाऱ्या पेशी असतात ना, त्या शिपायांमध्येच हे विषाणू घुसतात. शिपाईच संपले की साधा खोकलासुद्धा जिवावर बेततो. त्या अवस्थेला एड्स म्हणतात.

आता गंमत बघ. आपल्या भारतातही दिसणारं ऱ्हिसस माकड घे. रानात त्याला हा विषाणू नसतोच. पण प्रयोगशाळेत त्याला मँगबेचा विषाणू दिला, तर त्याला एड्स होतो! तेही माकड, हेही माकड. मग असं का?

तुला वाटेल, मँगबे जास्त जोरात लढत असेल. मलाही हेच उत्तर सुचलं असतं. पण खरं उत्तर अगदी उलटं आहे! मँगबे लढाई थांबवतं!

कल्पना कर, शाळेत चोर शिरला. धोक्याची घंटा घणघण वाजली. सगळी मुलं वर्गातून मैदानावर धावली. पण हा चोर विचित्र आहे. वर्गात बसलेल्या मुलाकडे तो फारसा फिरकत नाही, धावणाऱ्यालाच पकडतो! म्हणजे घंटा जितकी वाजेल, तितकं चोराचं फावणार!

एसआयव्ही अगदी असाच आहे. जागा होऊन धावपळ करणाऱ्या शिपायातच तो भराभर वाढतो. आणि घंटा कोणती? इंटरफेरॉन नावाची प्रथिनं. विषाणू आला की तीच शरीरभर ‘धोका! धोका!’ असा निरोप पोचवतात.

ऱ्हिससच्या शरीरात ही घंटा थांबतच नाही. महिनोन्‌महिने वाजत राहते. शिपाई धावतात, पकडले जातात. नवे येतात, तेही पकडले जातात. शरीर दमून जातं.

आणि मँगबे? सुरुवातीला त्याचीही घंटा दणक्यात वाजते! पण काही आठवड्यांतच ती शांत होते. विषाणू तिथेच असतो, तरीही! मुलं आपापल्या वर्गात परत. कमाल आहे की नाही?

आणखी एक गोष्ट. ऱ्हिससच्या आतड्याचं आतलं अस्तर या आजारात फाटतं. मग आतड्यातले जिवाणू रक्तात झिरपतात आणि घंटा पुन्हा सुरू! शिपाई तर मँगबेच्या आतड्यातलेही बरेच मरतात. पण त्याचं अस्तर शाबूत राहतं.

हे शहाणपण मँगबेला एका दिवसात आलं नसणार. आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळ बियोको नावाचं बेट आहे. समुद्राचं पाणी चढलं आणि तिथली माकडं हजारो वर्षांपूर्वी मुख्य भूमीपासून तुटली. शास्त्रज्ञांनी दोन्हीकडच्या माकडांमधले विषाणू ताडून पाहिले. २०१० मध्ये त्यांनी सांगितलं, एसआयव्ही निदान ३२,००० वर्षं जुना आहे! इतक्या पिढ्या माकडं आणि विषाणू एकत्र राहिले. माणसाच्या शरीरात मात्र एचआयव्ही साधारण शंभर वर्षांपूर्वीच आला. मँगबेचाच विषाणू माणसात शिरला आणि त्यातून एचआयव्हीचा एक प्रकार, एचआयव्ही-२, तयार झाला. म्हणून तर शास्त्रज्ञ या माकडाकडे इतकं बारकाईनं बघतात. २०१८ मध्ये त्यांनी त्याचा सगळा जनुकसंच वाचून काढला.

आणि माझी सर्वांत आवडती गोष्ट? मँगबेची पिल्लं! आईच्या रक्तात विषाणू असतो, पिल्लं तिचंच दूध पितात, तरी बहुतेक पिल्लांना लागण होत नाही. पेशीत शिरायला विषाणू बऱ्याचदा सीसीआर-५ नावाचं एक दार वापरतो. आणि पिल्लांच्या शिपाई पेशींवर ती दारं अगदी मोजकीच असतात!