*पॉवर वीडर चोकवरच चालतोय? आधी कार्बोरेटर साफ करा*



पावसाळाभर शेडमध्ये उभा असलेला वीडर वाफसा आल्यावर बाहेर काढला की एक तक्रार हमखास येते: चोक दिला की सुरू होतो, चोक काढला की बंद पडतो. इकडं भांगलणीला माणूस मिळत नाही आणि तण थांबत नाही. नवा कार्बोरेटर घ्यायच्या आधी हे वाचा.

*असं का होतं?*
पेट्रोल जेटच्या बारीक छिद्रातून इंजिनात जातं. यंत्र बंद राहिलं की वाटीतलं पेट्रोल उडून जातं आणि चिकट थर उरतो. ई-२० पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते आपल्या उसापासूनही बनतं, पण हवेतली ओल ओढून घेतं. त्यामुळं वाटीत गंज धरतो. छिद्र बुजलं की पेट्रोल कमी पडतं. चोक हवा अडवतो, म्हणून तेवढ्यापुरतं इंजिन चालतं.

*साफ कसं करायचं? (४-स्ट्रोक इंजिन)*
१) इंजिन थंड असू द्या. काम उघड्यावर करा, जवळ विडी-काडी नको. प्लगची टोपी काढा, पेट्रोल कॉक बंद करा.
२) खोलण्याआधी मोबाईलवर फोटो काढा, जोडताना उपयोगी पडतो.
३) कार्बोरेटरखालचा बोल्ट (बहुतेक १० नंबर पाना) सोडून वाटी काढा. खाली ताटली धरा. वाटी पुसून घ्या, रबर रिंग जपा.
४) मधला पितळी जेट योग्य मापाच्या स्क्रू ड्रायव्हरनं काढा. कार्बोरेटर क्लीनर मारा, मग हवा मारा. उजेडाकडं धरल्यावर छिद्र आरपार दिसलं पाहिजे.
५) *जेटमध्ये तार किंवा सुई घालू नका.* पितळ मऊ असतं. छिद्र मोठं झालं की पेट्रोल जास्त जातं, धूर येतो.
६) फ्लोट हलवून बघा. आत पेट्रोल खळखळलं तर फ्लोट बदला.
७) सगळं जोडा, एअर फिल्टर साफ करा, ताजं पेट्रोल भरा. कॉक उघडून गळती नाही ना बघा, मगच प्लगची टोपी बसवून सुरू करा.

*पुढच्या वेळी:* यंत्र महिनाभर ठेवायचं असेल तर टाकी रिकामी करा आणि इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा. पाच मिनिटांचं काम आहे, पण ऐन भांगलणीतला खोळंबा वाचतो.

टीप: २-स्ट्रोक ब्रश कटरचा कार्बोरेटर बहुधा पडद्याचा असतो, त्याला वाटी नसते. तो मेकॅनिककडूनच खोलून घ्या.

अडचण आली तर फोटो याच नंबरवर पाठवा.

— कृषी सल्ला विभाग, आपली शेतकरी उत्पादक कंपनी, कोल्हापूर