सेव्हन्टी-फाइव्ह माइल बीच
सेव्हन्टी-फाइव्ह माइल बीच हा ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलंड राज्यातील गारी (पूर्वीचे नाव फ्रेझर बेट) या जगातील सर्वांत मोठ्या वालुकामय बेटाचा पूर्वेकडील किनारा आहे. हा किनारा अधिकृत महामार्ग असून त्यावर वेगमर्यादा ताशी ८० किमी आहे. येथे केवळ फोर-व्हील ड्राइव्ह वाहनांना परवान्यासह प्रवेश मिळतो. तंबूतील मुक्कामासाठी वेगळा परवाना लागतो.

मऊ वाळूत चाके रुतू नयेत म्हणून टायरमधील हवा कमी करतात. त्यामुळे टायर पसरून भार विभागला जातो. भरतीत घट्ट ओली वाळू पाण्याखाली जाऊन वाहन लाटांत अडकू शकते, म्हणून प्रवास ओहोटीच्या सुमारास करतात. २००१ मध्ये डिंगो या रानकुत्र्यांच्या हल्ल्यात नऊ वर्षांचा मुलगा मृत्युमुखी पडला. त्यांना खाऊ घालण्यास मनाई असून अन्न बंदिस्त ठेवावे लागते.