आधी खडक, मग पंप

विहिरीला पाणी किती, हे खेड्यात कोणी लिटरमध्ये सांगत नाही. 'चार तास मोटर चालते, मग पाणी तुटतं. सकाळपर्यंत पुन्हा भरते,' असे सांगतात. भूजलशास्त्रात जिला उपसा चाचणी म्हणतात तिचा सगळा ऐवज या एका वाक्यात आहे. ठरावीक वेगाने पाणी उपसायचे, विहिरीतली आणि आजूबाजूच्या विहिरींतली पातळी किती वेळात किती उतरते ते मोजायचे, पंप बंद केल्यावर ती कशी चढते तेही मोजायचे. त्यावरून खडकाचे दोन गुण काढायचे : पाणी अंगातून वाहू देण्याची क्षमता आणि पाणी साठवून ठेवण्याची क्षमता. शेतकऱ्याच्या वाक्यात आणि आमच्या चाचणीत फरक एवढाच, की त्या चार तासांमागे कोणता खडक आहे हे आम्ही विचारतो. निदान विचारायला हवे.

नळपाणी योजनेसाठी विहीर खणली की तिची चाचणी होते आणि त्या आकड्यावर टाकी केवढी, पंप किती अश्वशक्तीचा, माणशी किती लिटर, हे ठरते. ऑक्टोबरात तीन तास पंप चालवून काढलेला आकडा एप्रिलात अख्खे गाव टँकरच्या रांगेत उभे करू शकतो. अशी गावे मी पाहिली आहेत. तिथे गणित चुकलेले नसते. सूत्रात आकडे बरोबर घातलेले असतात. चुकलेले असते ते त्याच्या आधीचे. चाचणी कशी घ्यायची हे ठरवताना खाली कोणता खडक आहे, याची दखलच घेतलेली नसते.

यामागे थोडा इतिहास आहे. वाळूतून पाणी कोणत्या नियमाने वाहते हे हेन्री दार्सी या फ्रेंच अभियंत्याने 1856 साली मांडले. पण उपसा सुरू केल्यावर पातळी वेळेनुसार कशी उतरत जाईल, याचे सूत्र मिळायला 1935 साल उजाडले. ते दिले अमेरिकी भूवैज्ञानिक सी. व्ही. थाइस यांनी. त्यांच्या लक्षात आले, की खडकातले पाणी विहिरीकडे जाते ते धातूच्या पत्र्यातली उष्णता थंड बिंदूकडे जाते तसेच. ल्युबिन नावाच्या गणिती मित्राने त्यांना उष्णतेचे समीकरण सोडवून दिले आणि भूजलशास्त्राला आपले सर्वांत उपयोगी सूत्र मिळाले. मला ही उसनवारी फार आवडते. पण उसन्या वस्तूबरोबर तिच्या अटीही येतात. पत्रा सगळीकडे एकसारखा असतो, तसा खडक सगळीकडे एकसारखा हवा; त्याला कडा नकोत; पाणी सर्व दिशांनी सारखेच वाहायला हवे; आणि विहीर सुईसारखी बारीक, जणू तिच्यात स्वतःचे पाणी मावतच नाही अशी हवी.

आता आपल्याकडे या. महाराष्ट्राचा ऐंशी टक्क्यांहून अधिक भूभाग बेसाल्टचा आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर पसरत गेले. प्रत्येक थराचा खालचा भाग घट्ट, वरचा वायूच्या बुडबुड्यांनी सच्छिद्र. पुढे ती भोके बहुतेक खनिजांनी बुजलेली. दोन थरांच्या मध्ये कुठे कुठे लाल मातकट पट्टा. विहीर खणणाऱ्यांकडे या सगळ्याला नावे आहेत : वर मुरूम, मग मांजऱ्या, काळा पाषाण, मध्येच गेरू. 'पाषाण लागला' म्हणताना त्यांचा चेहरा पडतो, कारण सुरुंगाचा खर्च वाढला आणि पाण्याची आशा कमी झाली हे त्यांना कळते. अखंड पाषाणात पाणी जवळजवळ नसते. असते ते त्याच्या भेगांत, सांध्यांत आणि वरच्या कुजलेल्या भागात. थाइस यांच्या चार अटींपैकी इथे एकही धड पाळली जात नाही.

आधी विहिरीच्या आकाराचेच घ्या. सहा मीटर व्यासाच्या विहिरीत एक मीटर उंचीच्या पाण्यात सुमारे 28 हजार लिटर पाणी असते. सहा इंची बोअरमध्ये तेवढ्याच उंचीत जेमतेम 18 लिटर. बोअरला पंप लावला की मिनिट-दोन मिनिटांत तिच्या पोटातले पाणी संपते आणि खडकाला बोलावेच लागते. विहिरीचे तसे नाही. सेकंदाला आठ लिटर उपसणारा पंप तासाला 28 हजार 800 लिटर काढतो. म्हणजे खडकाने थेंबभरही दिला नाही तरी विहिरीची पातळी तासाला मीटरभरच उतरेल. सहा मीटर पाणी असलेल्या विहिरीवर तीन तासांची चाचणी घेऊन आपण खडक तपासलाच नाही, एक हौद अर्धा रिकामा केला!

या मोठ्या व्यासाचा हिशोब धरणारे सूत्र पापाडोपुलोस आणि कूपर यांनी 1967 साली मांडले. त्यावरून ढोबळ गणित केले तर सहा मीटरच्या विहिरीत आणि मध्यम वहनक्षमतेच्या बेसाल्टमध्ये विहिरीच्या स्वतःच्या साठ्याचा प्रभाव पुसला जायला दहा दिवसांहून अधिक अखंड उपसा हवा. इतके दिवस उपसायला विहिरीत पाणीच उरत नाही. म्हणून आपल्याकडच्या चाचणीचा खरा मोलाचा भाग पंप बंद झाल्यानंतर सुरू होतो. पातळी चढते आहे ती फक्त खडकाच्या देण्यामुळे. त्यात पंपाची धरसोड नाही, विजेचा लपंडाव नाही. पंप थांबला की पोरे डबे आवरून निघायच्या बेतात असतात. त्यांना मी थांबवतो : खरे काम आता आहे, रात्रभर दर ठरल्या वेळी टेप सोडायची आहे.

पण त्याआधी एक काम विहिरीत उतरून करायचे असते. झिरे कुठे आहेत ते कठड्यापासून मोजून खडूने खुणा करायच्या. समजा, मुख्य झिरा नऊ मीटरवरच्या आडव्या सांध्यातून येतो. पातळी त्याच्या खाली गेली की झिरा उघडा पडतो. त्यानंतर विहीर कितीही खाली उपसा, त्याचे पाणी वाढत नाही. आलेखावर तिथे वाकण दिसते. खडूची खूण नसेल तर कागदावर तिचे हवे ते स्पष्टीकरण देता येते आणि तसे दिलेलेही मी वाचले आहे. खूण असेल तर उपशाचा वेगच असा ठरवता येतो, की पहिला टप्पा झिऱ्याच्या वर राहील आणि दुसरा मुद्दाम खाली जाईल. व्हॉल्व्ह अर्धा बंद करायचा, दोनशे लिटरचे पिंप आणि घड्याळ घेऊन वेग मोजायचा. आठ लिटरच्या वेगाला पिंप पंचवीस सेकंदांत भरते.

दिशेचा प्रश्न याहून अवघड. धुळे-नंदुरबारकडे लाव्हाच्या थरांना छेदत गेलेल्या डाइकच्या, म्हणजे उभ्या खडकभिंतींच्या, रांगा आहेत. घट्ट डाइक भूमिगत बंधाऱ्यासारखी पाणी अडवते; भेगाळलेली असेल तर उलट पन्हळीसारखी वाहून नेते. उपशाचा परिणाम अडवणाऱ्या भिंतीपर्यंत पोचला की आलेखाचा उतार जवळपास दुप्पट होतो. हे दिसायला चाचणी तेवढी लांबवावी लागते आणि निरीक्षणाच्या विहिरी डाइकच्या दोन्ही बाजूंना, तसेच भेगांच्या दिशेत आणि आडव्या दिशेतही निवडाव्या लागतात. रस्त्यालगतच्या सोयीच्या दोन विहिरी घेऊन भागत नाही.

इथे गावकीचा प्रश्न उभा राहतो. महाराष्ट्राच्या 1993च्या भूजल कायद्याने पिण्याच्या पाण्याच्या सार्वजनिक स्रोतापासून 500 मीटरच्या आत परवानगीशिवाय नवी विहीर घ्यायला बंदी घातली. कायद्याला मोजता येईल असे अंतर लागतेच, त्याबद्दल तक्रार नाही. पण खडक वर्तुळ ओळखत नाही. मध्ये घट्ट डाइक असेल तर दोनशे मीटरवरची विहीर गावाच्या विहिरीचे काही बिघडवत नाही, आणि एकाच भेगेवर असलेली सातशे मीटरवरची बोअर तिला कोरडी पाडू शकते. दोन भावकींचे भांडण तहसीलपर्यंत गेलेले असते तेव्हा नीट आखलेली चाचणी हाच दोघांनाही दाखवता येईल असा पुरावा असतो.

पूर्णेच्या खोऱ्यात, अकोला-अमरावतीच्या गाळाच्या प्रदेशात, चित्र बदलते. वाळूच्या थरात थाइस बऱ्यापैकी लागू पडतात. समजा, आठ तासांत 230 घनमीटर पाणी उपसले आणि ते सगळे जमिनीतूनच आले. वाळू आपल्या आकारमानाच्या सोळा टक्के पाणी सोडत असेल तर साधारण 1,440 घनमीटर वाळू निथळली; बेसाल्ट दोनच टक्के सोडत असेल तर 11,500 घनमीटर खडक निथळावा लागतो. शेजाऱ्याची विहीर कोणत्या प्रदेशात लवकर उतरेल ते यावरून कळावे. पूर्णाकाठी काळजी वेगळीच : तिथे खारपाणपट्टा आहे, म्हणून पातळीबरोबर दर तासाला पाण्याची क्षारताही मोजावी लागते.

उपसलेले पाणी कुठे सोडायचे, हाही खडकाचाच प्रश्न. विहिरीशेजारच्या मुरमात सोडले तर तेच फिरून विहिरीत येते आणि विहीर दानशूर भासते. शेतकरी म्हणतो, 'साहेब, वाया कशाला घालवता, उसाला जाऊ द्या.' ऊस विहिरीला लागूनच असेल तर नाही म्हणावे लागते. पाइप शंभर-दोनशे मीटर उताराकडे न्यावा लागतो.

राहिला ऋतू. दिवाळीच्या सुमारास पाणी मुरमात आणि मांजऱ्यात उभे असते. तेव्हा मोजली जाते ती त्यांची क्षमता. उन्हाळ्यात पाणी खालच्या सांध्यांत उतरलेले असते. विहीर तीच, पण खडक दुसरा. म्हणून पिण्याच्या योजनेसाठी मी दोन चाचण्यांचा आग्रह धरतो, एक पावसाळ्यानंतर आणि एक एप्रिलात. टाकी आणि पंप दुसरीवर ठरवायचे. खर्च दुप्पट होतो, कामाला सहा महिने थांबावे लागते, आणि मार्चअखेर निधी संपवायची घाई असलेल्यांना हे पटत नाही. ग्रामसभेत मात्र पटते. 'ऑक्टोबरात मोटर पाच तास, एप्रिलात दीड तास' असे दोन आकडे फळ्यावर लिहिले, की हिशोब मांडायला सुरुवात बहुधा बायका करतात : दीड तासात किती हंडे, आणि गुरांचे काय?